सुकन्याची दोन वर्षं

तिसगावात रग्बीवरनं भांडणं होतात, असं बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. हसू दे. क्रिकेटवरनं गळे काढणारी गावं पायलीला पन्नास आहेत. ज्यांनी आयुष्यात बॅट धरली नाही असले ढेरपोटे तिथं कुणाला संघात घ्यावं ते ठरवतात. तिसगाव निदान अशा खेळावरनं भांडतं, जो गावच्या पोरी स्वतः खेळतात. आठवडे बाजार उठला की सडका भाजीपाला गोळा करायचा, खडे वेचायचे, फक्कीनं रेघा मारायच्या, आणि त्याच जागेवर पोरींनी कमरेला मिठी घालून एकमेकींना धाडकन आडवं पाडायचं. पहिल्या वर्षी म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून बघायच्या. आता त्याच म्हाताऱ्या 'खाली धर, खाली' म्हणून ओरडतात.

हे वेड गावाला लावलं गनीभाईनं. सोळा वर्षं फौजेत काढली, तिथं रग्बी खेळला, आणि परत आला तो पेन्शन, एक दुखरा खांदा आणि लांबुळका चेंडू घेऊन. दिवसा पंक्चरचं दुकान, संध्याकाळी पोरी. सहा वर्षांत त्यानं जिल्ह्याला करून दाखवलं, आणि आता त्याची एक पोरगी देशाच्या कॅम्पला कोलकात्यात बसली होती. सुकन्या. ऊसतोडीला जाणाऱ्या कडूबाईची लेक. रविवारी कझाकस्तानबरोबर टेस्ट, शुक्रवारी दुपारी बाराला संघ जाहीर होणार, आणि गुरुवारी तीन वाजता राधाकृष्णच्या हॉटेलात अख्खी निवड समिती भरली होती.

"हूकर म्हनून आपली सुकन्याच पायजे," राधाकृष्णनं गाळणी पातेल्यावर आपटली. "ती ओडिशाची बाई अठ्ठावीसची झाली. पळती का गाडा वढती, तेच कळत न्हाई."

"राधाकिसनकाका, तुमी च्या गाळा," ज्योती म्हणाली. ज्योतीचं समोरच झेरॉक्सचं दुकान. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तीही खेळायची, राज्यापर्यंत गेली होती, मग गुडघा गेला. "हूकरचं काम पळायचं न्हाई. लाइनआउटला बाहेरनं चेंडू सरळ टाकायचा आन् स्क्रममदी पायानं मागं वढायचा. त्या बाईचे धातले नऊ चेंडू सरळ जात्यात. आपल्या सुकन्याचे पाच जात्यात, पाच गटारात."

"तू कुन्या गावची गं?"

"तिसगावची. म्हनून काय डोळे काढून खिशात ठिवू?"

"तुला तिचा जळफळाट हाय. तुझा गुडघा गेला म्हनून..."

"गेला ना गुडघा. जीभ हाय की अजून." ज्योतीनं बशी खाली ठेवली. "जळायचं असतं तर तिचा पासपोर्टचा फॉर्म रातीपातूर बसून फुकट भरला नसता. मी खेळाचं बोलते. तिला फ्लँकरला घ्या, स्क्रमच्या कडेला. तिथं तिच्यासारखी टॅकल करनारी देशात न्हाई. पन हूकर न्हाई."

"गुरुजी, तुमी सांगा," राधाकृष्ण कोपऱ्याकडं वळला. "पयली पाटी तुमी दिली तिच्या हातात."

कोपऱ्यात गहिनीनाथ गुरुजी पेपर धरून बसले होते. डोंगरवस्तीच्या शाळेवर चौदा वर्षं काढून गेल्या वर्षी रिटायर झालेले. फाट्यावर सुकन्याचं जे मोठं फ्लेक्स लागलं होतं, त्यात खालच्या गोलात त्यांचाही फोटो होता. 'प्रथम गुरू' असं लिहिलेला. दिवसातनं दोनदा ते काही ना काही निमित्त काढून त्या फाट्यावरनं जायचे. माणूस साठीकडं झुकला म्हणून कौतुकाची भूक मरत नाही.

"मी काय सांगणार," गुरुजी म्हणाले. "पण ती पहिल्यापासून पुढंच बसायची. मागं बसव म्हटलं तरी बसायची नाही."

"ऐका! पुढंच बसायची!" राधाकृष्णला तेवढा पुरावा पुरला.

तेवढ्यात गनीभाई आला. कपाळावर आठी, हातात मोबाईल. राधाकृष्णनं त्याला आल्याआल्या वादात ओढला.

"हूकर का न्हाई, सांगू?" गनीभाई म्हणाला. "तोंडानं सांगून तुमच्या डोक्यात शिरायचं न्हाई. उठा. राधाकिसन, तू डावीकडं. ए ड्रायव्हर, तू उजवीकडं. गुरुजी, तुमी मधी या."

दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर हसत उठला. गुरुजीही हसतच उठले. गनीभाईनं त्यांचे दोन्ही हात दोघांच्या खांद्यांवरनं पलीकडं टाकले, त्या दोघांना त्यांच्या कमरेला धरायला लावलं, आणि तिघांनाही वाकवलं. गुरुजींची टोपी पडली. लोक हसले.

"आता हात सोडवून दावा, गुरुजी."

गुरुजींनी हिसका दिला. हात सुटेनात. दोन्ही बाजूंनी दोन धिप्पाड अंगं, डोकं खाली, समोर हॉटेलच्या फरशीवर सांडलेला चहा.

"समोरनं आठ बाया असल्याच वाकून येत्यात. नव्वद नव्वद किलोच्या. त्यांची डोकी तुमच्या डोक्याच्या दोनी बाजूंनी घुसत्यात. तुमच्या मागनं पाच जनी रेटत्यात. आन् आता समजा स्क्रम बसला खाली. काय टेकाल? हात?"

"हात... अडकलेत."

"गुडघा?"

"मागनं रेटतायत ना."

"मग काय टेकल?"

गनीभाईनं त्यांच्या मानेच्या मागं, जिथं हाड वर येतं तिथं, दोन बोटं ठेवली. जोरात नाही. नुसती ठेवली.

"डोकं टेकतं. आन् मागचा सगळा लोड हितं येतो. माझ्या युनिटमदी एक जाट पोरगा हुता. पंचवीस वर्षांचा, रेड्यासारखी मान. आज खुर्चीत बसतो. तोंडाजवळ चमचा नेला तरच जेवतो." त्यानं हात काढला. "म्हनून नियम हाय. अठराच्या आतलं पोरगं मोठ्यांच्या म्याचला पहिल्या रांगेत घालायचंच न्हाई. कितीबी चांगलं असू द्या. मान पिकलेली नसती."

"मग आपली तर पिकली की!" राधाकृष्ण सरळ उभा राहत म्हणाला. "एक जूनलाच अठरा पुरी झाली. आपन तिघांनी एकाच केकवर वाढदिवस केला न्हाई का? मी, सुकन्या आन् सरपंच. तिघंबी एक जून!"

हॉटेलात हशा पिकला. अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस एक जूनला येतो. आयांनी पोरं कधी जन्माला घातली ते कुणी विचारत बसलं नाही; शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून गुरुजी लोकांनी लेकरांचे जन्म जूनमध्ये बसवले आणि वर्ष गरजेप्रमाणं मागंपुढं केलं. यावर लोक हसतात. गहिनीनाथ गुरुजीसुद्धा आजवर हसत आले होते. आज त्यांनी वाकून टोपी उचलली आणि ती डोक्यावर घालायची विसरून हातातच धरून बसले.

"माझं मत कोन इचारतं," गनीभाई मोबाईल दाखवत म्हणाला. "फेडरेशनचं ठरल्यागत हाय. हूकर म्हनूनच घेत्यात तिला. पन पहिल्या रांगेतल्या पोरींचे कागद परत तपासायलेत. सुकन्याचा जन्मदाखला न्हाई, उसाच्या फडावर कोपीत जन्मली. तर शाळेच्या रजिस्टरचा उतारा आन् ज्या गुरुजीनं नाव घातलं त्याचं पत्र पायजे, की वय खरं हाय म्हनून. आज आठच्या आत. गुरुजी, तुमची एक सही. सुटला प्रश्न."

"सही करतील की! मिरवत करतील!" राधाकृष्ण म्हणाला.

"सहापर्यंत आणून देतो," गुरुजी म्हणाले आणि उठले.

डोंगरवस्तीच्या शाळेत आता एकच बाई होती, नवीन. तिनं 'गुरुजी, बसा' म्हणून आदरानं कपाट उघडून दिलं. रजिस्टर काढायला गुरुजींना शोधावं लागलं नाही. पान उघडलं. निळ्या शाईत त्यांचंच वळणदार अक्षर, ज्याचं तालुक्याच्या साहेबानं कौतुक केलेलं. जन्मतारीख : एक जून दोन हजार सात. आणि शेजारी अक्षरी. अक्षरीसुद्धा किती सुबक!

दोन हजार तेराचा जून. शाळेचा पट सतरा. वीसच्या खाली गेला की शाळा बंद करायची, असं वरनं आलं होतं. शाळा बंद झाली की गुरुजींची बदली होणार, ती अकोले तालुक्याच्या डोंगरात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि गुरुजींनी तिसगावात नुकताच घराचा स्लॅब टाकला होता. त्या सकाळी कडूबाई आली, मोठ्या भाच्याचं नाव घालायला. कडेवर सुकन्या. नाकाला शेंबूड, अंगात दुसऱ्या कुणाचा तरी फ्रॉक.

"हिचंही घाल," गुरुजी म्हणाले होते.

"ही बारकी हाय वो गुरुजी. चार सरलेत आत्ता. लोकसभेचं मतदान झालं बघा, त्या साली संक्रांतीच्या सुमाराला, कोल्हारला उसात झाली."

"वय मी बघतो. खिचडी मिळेल तिला दुपारची."

दीड वर्ष आणि वर थोडं. लेखणीच्या एका फटक्यात चारची सहा झाली. आणखी एक तसलंच पोर सापडलं, पट वीस झाला, शाळा वाचली, गुरुजींचा स्लॅब वाचला. पुढं पट टिकवला म्हणून त्यांचा सत्कारसुद्धा झाला, शाल, श्रीफळ. बारा वर्षांत एकदाही त्यांना झोप आली नाही असं झालं नाही. लोक म्हणतात पाप टोचतं. कसलं टोचतं? पगार वेळेवर येत असला तर काही टोचत नाही.

आज टोचत होतं. मानेच्या मागं, जिथं गनीभाईनं दोन बोटं ठेवली होती, नेमकं तिथं.

त्यांनी उताऱ्याची नक्कल घेतली, पण पत्र लिहिलं नाही. स्कूटर काढली आणि कडूबाईच्या घराकडं वळवली.

कडूबाई दारात गोधड्या वाळत घालत होती. दिवाळी झाली की तोडीला निघायचं होतं. नवरा वारल्यापासून ती भावाबरोबर जायची.

"या गुरुजी. पोरीचं नाव आलं का?"

"उद्या येईल." गुरुजी ओट्यावर टेकले. "कडूबाई, तिच्या वयाचं पत्र मागतायत माझ्याकडं. खरं लिहू का?"

कडूबाईनं गोधडी झटकली. दोनदा झटकली. "म्हंजी?"

"ती अठराची नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आणि त्या खेळात अठराच्या आतल्या पोरीची मान..."

"आता खरं?" कडूबाई वळली. "तवा मी म्हनत हुते बारकी हाय, बारकी हाय. तवा तुमी म्हनला वय मी बघतो. मला लिवता येत न्हाई. लिवनारा म्हनतो सहा, तर मी काय डोंबल म्हननार चार? चार वर्सांचं लेकरू सहाच्या पोरांत बसवलं तुमी. पोरं चिमटे काढायची. चड्डीत व्हायचं तिला, आन् तुमी तिला उभी करायचे. इसरलात? मी न्हाई इसरले."

गुरुजी खरंच विसरले होते. आता आठवलं. ओल्या फ्रॉकनं भिंतीशी उभी असलेली एवढीशी पोरगी. आणि 'एवढी मोठी घोडी झालीस' असं ओरडणारे ते स्वतः. मोठी घोडी. वय वर्षं साडेचार.

"तिला बघायला पाव्हनं येनार हायती मंगळवारी," कडूबाई आवाज खाली आणून म्हणाली. "शेवगावकडचे. पोराला कोयत्याची जोडी पायजे. नवराबायको असली तरच मुकादम पुरा कोयता धरतो, आगाऊ पैसं देतो. पोरगी अठराची हाय का इचारलं, मी म्हनलं शाळेचा दाखला हाय. देशाच्या टीममदी नाव आलं तर त्यांना सांगीन, थांबा दोन वर्सं, माझी लेक इमानात बसून जाती. न्हाई आलं तर सहा म्हैने मी उसात आन् ती हितं एकली, कुनाच्या भरवशावर ठिवू? तुमच्या?"

याचं उत्तर असेल तर ते सरकारकडं असेल, आणि सरकार डोंगरवस्तीला पट मोजायला तेवढं येतं.

फोन वाजला. सुकन्या रोज पाचला फोन करायची. कडूबाईनं ऐकलं आणि फोन गुरुजींच्या हातात दिला.

"गुरुजी, गनीचाचांनी सांगितलं. पत्र तेवढं झटकन पाठवा. माझ्या एकटीचं राह्यलंय."

"सुकन्या, तुझं वय..."

"म्हाईत हाय मला." पोरीचा आवाज एकदम सपाट झाला. "आईनं कवाच सांगितलंय. म्हनून काय झालं? मी सगळ्या पोरींना पाडते. अठराच्याबी आन् अठ्ठावीसच्याबी."

"मान दुखते का तुझी?"

पलीकडं कुणीतरी शिट्टी मारत होतं, पोरी हसत होत्या.

"कोन म्हनलं?"

"दुखते का?"

"सकाळी उठल्यावर डाव्या हाताला मुंग्या येत्यात. करंगळीपातूर. जातंय मग. गुरुजी, फिजिओबाईला सांगायचं न्हाई. चाचांनाबी न्हाई. हे बघा, मला हितनं काढलं तर मी कुठं जानार, तुमाला म्हाईत हाय. तुमी एक सही करा. तुमी आधी केलीच हाय की. परत एकदा करायला काय जातंय?"

फोन ठेवल्यावर गुरुजींना दोन्ही बाजूंनी धरल्यासारखं झालं होतं. सही केली तर पोरगी मैदानात, नव्वद किलोच्या बायांच्या पुढं, करंगळीत मुंग्या घेऊन. नाही केली तर उसात. आणि या दोन्ही ठिकाणी तिला नेऊन उभं करणारा हात एकच, निळ्या शाईचा. त्यांना वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानं हे ठरवावं. मग स्वतःचीच किळस आली. बारा वर्षांपूर्वी ठरवताना कुणाला विचारलं होतं?

सहाला दहा कमी असताना ते ज्योतीच्या दुकानात गेले. कोरा कागद मागितला आणि उभ्याउभ्या लिहिलं. अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं. 'शाळेच्या नोंदीतील जन्मतारीख मी स्वतः, शाळेचा पट भरावा म्हणून, खोटी लिहिली आहे. आईनं सांगितल्याप्रमाणे मुलीचा जन्म जानेवारी दोन हजार नऊचा. ती आज सोळा वर्षांची आहे. तिच्या डाव्या हाताला मुंग्या येतात, तिची मान तपासावी. यात मुलीचा किंवा तिच्या आईचा दोष नाही.' खाली सही.

ज्योतीनं स्कॅनरचं झाकण उघडलं, कागद ठेवता ठेवता वाचला, आणि झाकण लावलंच नाही.

"गुरुजी, हे पाठवू?"

"पाठव."

"चाचांना सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. ज्योती कागद घेऊन रस्ता ओलांडून हॉटेलात गेली. गुरुजी मागनं गेले. कागद राधाकृष्णच्या हातात पडला आणि त्यानं तो मोठ्यानं वाचला, म्हणजे पहिल्या दोन ओळी वाचल्या. मग थांबला.

"फाडा वो हे!" तो ओरडला. "बारा वर्सं गप बसला ना? मग आजून तीन दिस बसला असता तर काय मेला असता?"

"गाव नाव काढील म्हनून वाट बघतंय आन् ह्यांना आत्ता खरं बोलायची उबळ आली," टँकरवाला म्हणाला.

"ओ काका, थांबा," ज्योती म्हणाली. "माझा गुडघा गेला तवा तुमी सगळे म्हनला, खेळात व्हतंच. मानंला तसं म्हनता येनार न्हाई."

गनीभाईनं कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला. मग गुरुजींसमोरच्या बाकड्यावर बसला.

"जूनपासनं," तो म्हणाला. "अठरा पुरी झाली म्हनून जूनपासनं मी तिला मोठ्यांच्या स्क्रममदी घातलं. जामखेडच्या पोलीस टीमसमोर. नगरला फौजेच्या बायांसमोर. मीच मागनं रेटायचो तिला, जोर लाव म्हनून. माझ्या ह्या हातांनी." त्यानं हात उलटे करून बघितले. "गुरुजी, तुमी रोज हितं बसून बघत हुता. रोज च्या पीत हुता. एक शब्द न्हाई?"

"मला मानेचं माहीत नव्हतं, गनीभाई."

"वयाचं म्हाईत हुतं."

गनीभाईनं कागद ज्योतीकडं दिला. "पाठव," म्हणाला, आणि निघून गेला. त्या संध्याकाळी पोरी मैदानात वाट बघून घरी गेल्या.

शुक्रवारी बाराला संघ आला. हूकर ओडिशाची. तेवीस नावांत सुकन्या नव्हती. साडेबारापर्यंत फाट्यावरच्या फ्लेक्समधला खालचा गोल कुणीतरी ब्लेडनं कापून नेला. दोन वाजता एक पुढारी येऊन सांगून गेला, की गुरुजींची तक्रार जिल्हा परिषदेकडं करणार, पेन्शन गोत्यात आणणार. त्याच पुढाऱ्याची स्वतःची जन्मतारीख एक जून. गुरुजी 'करा' म्हणाले. त्यांना वाटलं होतं खरं सांगितल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. काही उतरलं नाही. उलट आतापर्यंत झाकलेलं होतं ते उघडं पडलं, एवढंच.

रविवारी मॅच हॉटेलातच बघितली, राधाकृष्णनं मोठा टीव्ही लावला होता. गुरुजी गेले. कुणी 'या' म्हटलं नाही, कुणी 'जा'ही म्हटलं नाही. ओडिशाच्या बाईचे चेंडू सरळ गेले. पहिल्या हाफमध्ये स्क्रम तीनदा बसला आणि तीनही वेळा ती बाई सगळ्यांत शेवटी उठली. दर वेळी गुरुजींचे डोळे मिटायचे. तिसऱ्या वेळी ती जरा वेळ उठलीच नाही. मग उठली, तोंडातली माती थुंकली. भारत एकोणतीस-बारानं हरला.

"सुकन्या असती तर कडंनं घुसली असती," राधाकृष्ण म्हणाला. या वेळी ज्योतीनं त्याच्याशी वाद घातला नाही.

मंगळवारी सुकन्या आली. फाट्यावर एस.टी. थांबली तेव्हा तिथं गनीभाई होता आणि दहा पावलं मागं गुरुजी. पोरगी खाली उतरली. खांद्यावर देशाचं नाव लिहिलेली बॅग, जी तिनं परत केली नव्हती किंवा तिच्याकडं कुणी मागितली नव्हती. ती गनीभाईच्या पाया पडली. गनीभाईनं तिची मान दोन्ही हातांत धरून वळवून बघितली, डावीकडं, उजवीकडं.

"चाचा, काय न्हाई. मोठ्या मशीनमदी घातलं. डॉक्टर म्हनले शिरेवर ताण हाय, दोन म्हैने आराम. लई काय न्हाई." मग तिनं गुरुजींकडं बघून, मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं, "खेळले असते मी."

गुरुजींना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पोरगी धड आहे म्हणून. वाटलंही. पण त्याच वेळी त्यांच्या मनात असंही आलं, की डॉक्टरनं काहीतरी मोठं सांगितलं असतं तर गावासमोर आपण सुटलो असतो. असा विचार आपल्या मनात येऊ शकतो, याची त्यांना इतकी लाज वाटली की ते एस.टी.च्या चाकाकडं बघत राहिले.

"गुरुजी," सुकन्या जवळ आली. अजून सोळाची पोरगी, उंची गुरुजींएवढी. "माझा वाढदिवस कवा असतो?"

"संक्रांतीच्या सुमाराला."

"सुमाराला म्हंजी? तारीख?"

"ती मी... विचारली नव्हती."

सुकन्यानं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या खेळाडूला पाडायच्या आधी त्याचं वजन किती असेल असा अंदाज घ्यावा, तसं.

"शेवगावचे पाव्हनं घरी बसलेत. आईचा फोन आलता एस.टी.त. तुमच्या दाखल्याची झेरॉक्स हाय त्यांच्या हातात." तिनं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "चला. फेडरेशनला कागद पाठवायला सोपं असतंय. हितं तोंडानं सांगा."

गनीभाई म्हणाला, "मी येतो."

"न्हाई चाचा. ह्यांनी एकट्यानं सांगायचं."

ती पुढं, गुरुजी मागं. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी सुकन्याला थांबवून तिच्या गालावरनं हात फिरवला आणि गुरुजींकडं बघून पदर तोंडावर ओढला.

ओट्यावर सतरंजी टाकली होती. तीन पाहुणे बसले होते, पांढऱ्या टोप्या, पुढं पोह्यांच्या रिकाम्या बशा. त्यातल्या थोरल्यानं गुरुजींना बघून हात जोडले.

"या या, गुरुजी. तुमचंच नाव हाय दाखल्यावर. बरं झालं तुमीच आला. अठरा पुरी हायती ना पोरीला, का काय भानगड हाय? लोक कायबी बोलायलेत."

दाराच्या चौकटीला धरून कडूबाई उभी होती. तिनं गुरुजींकडं बघितलं, मग लेकीकडं. सुकन्यानं बॅग भिंतीला टेकवून ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

गुरुजींनी चपला काढल्या. बसले नाहीत.

"सोळा," ते म्हणाले. आवाज घशातच राहिला.

"काय म्हनला?" पाहुण्यानं कानाशी हात नेला.

गुरुजींनी घसा खाकरला. आणि मग ते इतक्या मोठ्यानं बोलले, की शेजारच्या दोन घरांतली माणसं हातातलं काम टाकून बाहेर आली.